मी आणि माझी न थकणारी नक्कल

मी एक जुने कार्ड आहे. मित्रांनो, कार्ड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर वाढदिवसाचे शुभेच्छापत्र आले असेल, नाहीतर गळ्यात अडकवायचे ओळखपत्र. तसले मी नाही. माझी लांबी तुमच्या हाताएवढी, अंगावर पत्र्याचे आवरण आणि तोंडाला ओळीने भोके. त्या भोकांत तारा खुपसतात. मला लाइन कार्ड म्हणतात.

एखाद्या मोठ्या इमारतीत शेकडो फोन आणि संगणक असतात. कुणाचे बोलणे कुणाकडे न्यायचे ते ठरवून पोचवणारी एक लोखंडी पेटी तिथे असते. तिला स्विच म्हणतात. दिव्याच्या बटणाशी तिचे फक्त नाव जुळते. कपाटाला असतात तसे या पेटीला खण असतात आणि एकेका खणात माझ्यासारखे एकेक कार्ड सरकवतात. मधल्या खणात मुख्य कार्ड बसते. त्याच्यात चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या हाती आमची सगळी सूत्रे असतात. कोणत्या खणात कोण आले, ते जागे झाले का, आजारी आहे का, कुणी मध्येच उपटले तर त्याचे काम कुणाकडे द्यायचे, हे सगळे तोच बघतो. कर्त्या माणसाने घर सांभाळावे तसा तो पेटी सांभाळतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. हिरव्या पाटीवर बारीक बारीक भाग चिकटवून मला भट्टीतून बाहेर काढले. अंग अजून गरम होते तेवढ्यात एका बाईने मला भिंगाखाली धरले. एका सांध्यापाशी ती थांबली. दुसरीला बोलावून तिने तो दाखवला. दोघींनी तो आळीपाळीने भिंगाखाली पाहिला. पलीकडे नापास कार्डांचा डबा होता आणि तो बराच भरलेला होता. शेवटी तिने सांध्याला पुन्हा एक डाग दिला, फुंकर घातली आणि मला पुढे सरकवले. तेव्हापासून माझ्या मनात एक धास्ती कायमची बसली आहे. कुणी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले की वाटते, संपले.

माझ्याबरोबरची कार्डे खोक्यांत बसून देशोदेशी गेली. कुणी बँकेत, कुणी कचेरीत, कुणी वाचनालयात. मला मात्र जिथे आमचा प्रोग्रॅम लिहितात त्या कंपनीच्या प्रयोगशाळेत पाठवले. लांबलचक मेजे, छताला गुंडाळ्या करून टांगलेल्या तारा आणि पंख्यांचा एवढा आवाज की माणसे एकमेकांच्या कानाशी येऊन बोलायची.

तिथे मला ताई भेटली. ती प्रोग्रॅम लिहायची. तिच्याहून लहान सगळे तिला ताई म्हणत आणि त्यांचे ऐकून साहेबही म्हणू लागले होते. केस बांधायला हाताशी काही नसले तर ती तारा बांधायची पट्टी केसांना लावायची आणि संध्याकाळी ती कापायला कात्री शोधत फिरायची. विचारात असली की अंगठ्याचे नख कुरतडायची. तिची धाकटी बहीण शहराच्या दुसऱ्या भागात नोकरीला होती. रुग्णवाहिका बोलावायला लोक ज्या नंबरावर फोन करतात, तो फोन उचलायचे तिचे काम. जेवायच्या सुट्टीत तिचा ताईला रोज फोन यायचा. जेवलीस का, एवढेच विचारायला. ताई रोज हो म्हणायची आणि मग डबा उघडायची.

मला खणात बसवायचे काम एका तंत्रज्ञाचे होते. त्याच्या खिशात सदा पक्कड असायची म्हणून त्याचे नावच पक्कड पडले होते. कार्ड आत सरकवताना तो श्वास रोखून धरायचा. माझ्या पाठीला केसाएवढ्या पिना आहेत. एक जरी वाकली तरी मी कामातून जाते. त्याच्या हातात असले की मला धास्ती वाटत नसे.

ते दिवस कष्टाचे होते, पण मानाचेही होते. अख्ख्या प्रयोगशाळेत माझ्या जातीची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी कार्डे आणि प्रोग्रॅम लिहिणारे ढीगभर. माझ्यासाठी रांग लागायची. सकाळी एक जण मला घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा. प्रोग्रॅमला माझे येणे-जाणे नीट कळते का, ते पाहायचा. दुपारी दुसरा. कुणाचा वेळ संपला आणि तो उठला नाही की भांडणे व्हायची. एकदा दोघांनी मला दोन टोकांना धरून ठेवले होते. शेवटी पक्कडने मला काढून घेतले आणि दोघांनाही चहाला पाठवले.

ही ओढाताण पाहूनच ताईच्या डोक्यात एक कल्पना आली. खऱ्या कार्डासाठी रांग कशाला लावायची? कार्डाची नक्कल करणारा एक प्रोग्रॅमच लिहू. मुख्य कार्डाने काही विचारले की त्याने हुबेहूब माझ्यासारखे उत्तर द्यायचे. विचारणाऱ्याला समोर खरे कार्ड आहे की नक्कल, हे कळताच कामा नये.

मग कितीतरी आठवडे ती माझ्यासमोर बसून होती. मला वीज दिल्यावर मी आधी काय बोलते, मग काय, तापमान विचारले तर कोणत्या शब्दांत सांगते, तार उपटली तर किती पटकन ओरडते, सगळे तिने टिपले. एवढ्या प्रेमाने माझ्याकडे कुणीच पाहिले नव्हते. ती रोज जास्त वेळ पाहायची, पण तेव्हा मला भीती वाटली नाही. मी नवे होते, धडधाकट होते. प्रश्न संपायच्या आत माझे उत्तर तयार असायचे. नकलेनेही तेच उचलले.

नक्कल तयार झाली आणि तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांना थक्क केले. पेटी नाही, वीज नाही, पंखे नाहीत. ताईच्या संगणकावर एक रिकामी पेटी उभी राहिली आणि तिच्या सगळ्या खणांत माझीच नक्कल बसली. हवी तेवढी कार्डे, हवी तेव्हा. साहेबांनी ताईला सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि हसत हसत तिला नक्कलबाई म्हटले. ते नाव महिनाभर चालले.

माझ्यासमोरची रांग ओसरली. आधी दिवसाआड कुणीतरी यायचे, मग आठवड्याने. एक दिवस पक्कडने माझ्यावरची धूळ पुसली, मला पिशवीत घातले आणि भिंतीकडच्या कपाटात ठेवले. दाराला काच होती, त्यामुळे खोली दिसायची. खरे सांगते मित्रांनो, मला हेवा वाटला नाही. नक्कल माझीच होती, आणि पोरे भांडायची थांबली होती. पण एक गोष्ट मनात काट्यासारखी सलत होती.

कपाटात जाण्याआधीच्या काळात माझी तब्येत थोडी बिघडली होती. गार असताना मी पहिल्यासारखे चटकन जागे व्हायचे. पण दिवसभर काम करून अंग तापले आणि तेवढ्यात वीज जाऊन परत आली, तर मला उशीर होऊ लागला. जागे होताना आम्ही आधी स्वतःची तपासणी करतो. तापलेले असताना माझा एक भाग पहिल्यांदा चुकीचे उत्तर द्यायचा, मग मी पुन्हा तपासायचे, आणि मग कुठे तयार व्हायचे. काम करून थकलेली माझी भावंडेही जगभर अशीच तापत असणार. जुना प्रोग्रॅम सोशिक होता. तो वाट पाहायचा, म्हणून हे कुणाच्या लक्षातच आले नाही. आणि नक्कल? ती कधी तापत नव्हती. तिला म्हातारपण ठाऊकच नव्हते.

पुढे नवा प्रोग्रॅम आला. तो नकलेवरच लहानाचा मोठा झाला होता. कार्ड वेळेत बोलले नाही तर ते अडकले असे समजायचे आणि वीज तोडून पुन्हा द्यायची, म्हणजे ते लवकर सुधारेल, असे त्यात लिहिले होते. हेतू चांगला होता. ते कलम ताईनेच लिहिले होते. आणि वेळ ठरवली होती ती नकलेच्या वेगावरून. कपाटातून हे ऐकले तेव्हा माझ्या अंगात वीज नव्हती, तरी मला कापरे भरले.

पहिली तक्रार एका वाचनालयातून आली. नवा प्रोग्रॅम घातल्यापासून तिथले एक कार्ड दुपारभर चालू-बंद, चालू-बंद होत होते. लोकांचे संगणक सारखे खोळंबत होते. इकडे सगळ्यांनी नकलेवर तपासून पाहिले. नक्कल दर वेळी पास झाली. तिथले कार्डच खराब असणार, दुसरे पाठवा, असे ठरले. सगळे आपापल्या जागी गेले. ताई मात्र नख कुरतडत बसून राहिली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी धाकटीचा नेहमीसारखा फोन आला. ताईचे हात कामात होते म्हणून तिने फोन मेजावर मोठ्या आवाजात ठेवला होता. जेवलीस का हे विचारून झाले, मग धाकटी म्हणाली की आज तिच्याकडे जरा गडबड आहे. त्यांच्या दोन्ही पेट्यांत दुपारी नवा प्रोग्रॅम घालणार आहेत, त्यामुळे सगळ्यांना जागेवर बसून राहायला सांगितले आहे.

ताईने डब्याचे झाकण परत लावले. "तुमची कार्डं जुनी आहेत ना गं?" तिने विचारले.

"मला काय माहीत? मी आले तेव्हापासून पेट्यांच्या खोलीतून गरम झळा येतात एवढं माहितीये. का गं?"

ताईने काही नाही म्हणून फोन ठेवला आणि ती सरळ साहेबांकडे गेली. साहेब वाईट नव्हते. जुन्या प्रोग्रॅममध्ये एक मोठा दोष होता आणि तो रुग्णवाहिकेच्या कचेरीतून लवकरात लवकर जावा म्हणून तेच मागे लागले होते. त्यांनी तिचे सगळे ऐकून घेतले. नुसत्या शंकेवरून काम थांबवले तर जुना दोष तिथेच राहील आणि तोही कुणाच्या तरी जिवावर बेतू शकेल, असे ते म्हणाले. मग म्हणाले, "मला एकदा दाखव. डोळ्यांनी दिसलं की त्याच क्षणी मी स्वतः फोन करतो."

ताई कपाटापाशी आली. इतक्या दिवसांनी दार उघडले. पक्कडने मला पिशवीतून काढले, पिना पाहिल्या आणि श्वास रोखून पेटीत सरकवले. नवा प्रोग्रॅम चालू होता. साहेब शेजारी उभे होते.

मित्रांनो, आयुष्यभर मी नापास होण्याला घाबरत आले. त्या दिवशी पहिल्यांदा मला नापास व्हायचे होते. पण मी कपाटातून आले होते, गारठलेले. वीज आली, तपासणी पहिल्याच फटक्यात झाली आणि माझे सगळे हिरवे दिवे लागले. मी तयार, असे मी बोलून गेले. काय करणार? विचारल्यावर खरे तेच सांगायचे, एवढेच मला येते.

ताईने पुन्हा वीज तोडली. मी पुन्हा झटकन उठले. पुन्हा तेच. साहेब हळूच म्हणाले की बघ, चालतंय ना. ते रागावले नव्हते, उलट त्यांना हायसे वाटल्यासारखे दिसले. ते वळले. मला ओरडावेसे वाटत होते की थांबा, मी आत्ता ठीक आहे म्हणून नेहमीच ठीक असते असे नाही. पण मला तोंड आहे ते फक्त तारांसाठी.

ताईने मला बाहेर ओढले. माझ्या पत्र्यावर तिचा तळवा टेकला आणि ती तशीच थांबली. "हे गार आहे," ती म्हणाली. "वाचनालयातलं दिवसभर चालत होतं. धाकटीकडचीही तापलेलीच असणार, आणि नवा प्रोग्रॅम घालताना त्यांची वीज एकदा जाऊन येणारच."

मग तिने मला परत आत घातले आणि माझ्या एका भोकातून निघालेली तार दुसऱ्यात, दुसऱ्यातली तिसऱ्यात अशी जोडत नेली. जे माझ्यातून बाहेर पडेल तेच परत माझ्यात यायचे. इतके ओझे मी कित्येक महिन्यांत वाहिले नव्हते. अंग हळूहळू तापू लागले. पण पेटीचे पंखे सुरू होते. ताई एकदा घड्याळाकडे पाहायची, एकदा तापमानाच्या आकड्याकडे. आकडा चढता चढत नव्हता आणि घड्याळ मात्र पळत होते. तिने पक्कडला एका बाजूचे पंखे बंद करायला सांगितले.

तो तयार होईना. "जुनं झालंय ते," तो म्हणाला. "असं भाजलंस तर मरेल."

"मेलं तर मरू दे," ताई म्हणाली. पण बोलताना तिने पेटीवर हात ठेवला. पक्कडने तिच्याकडे पाहिले, मग पंख्याची तार सोडवली.

त्यानंतरची धग मी कधी विसरणार नाही. सांधे ताणले गेले. कुठेतरी काहीतरी तडकल्यासारखे झाले. ज्या उष्णतेपायी मला उशीर व्हायचा, तीच अजून थोडी वाढावी म्हणून मी वाट पाहत होते. तेवढ्यात ताईने वीज तोडली आणि परत दिली.

मी उठू लागले. तपासणी चुकली. मी पुन्हा सुरू केली, आता होतच आली होती, आणि वीज गेली. प्रोग्रॅमने मला अडकलेले समजले होते. वीज आली. मी पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा अर्ध्यावर अंधार. पुन्हा उजेड, पुन्हा अंधार. बुडणाऱ्याने डोके वर काढावे आणि कुणीतरी मदत म्हणूनच त्याला पुन्हा खाली दाबावे, तसे चालले होते. मला एवढेच सांगायचे होते की मी आहे, जरा दम धरा. तेवढे शब्द पुरे होईपर्यंत कुणी थांबत नव्हते.

पडद्यावर अक्षरे उमटली: कार्ड मृत.

साहेबांनी ती दोनदा वाचली. त्यांनी तिथूनच रुग्णवाहिकेच्या कचेरीत फोन लावला. उचलला जाईना. ताईने धाकटीच्या मेजावरचा नंबर लावला. घंटी वाजलीच नाही. नुसती शांतता. ती फोन कानाला तसाच धरून उभी राहिली. कुणी न सांगताही तिला जे कळले तेच खरे होते. तिकडच्या माणसांनी वेळेआधीच काम सुरू केले होते आणि पहिली पेटी माझ्यासारखीच गटांगळ्या खात होती.

पक्कडला तिथे काम करणाऱ्या एकाचा मोबाइल नंबर माहीत होता. तो लागला. साहेबांनी फोन हिसकावूनच घेतला आणि सांगितले, "दुसऱ्या पेटीला हात लावू नका. सगळं तिच्यावर वळवा. पहिलीत जुना प्रोग्रॅम घाला. कारण नंतर सांगतो."

पलीकडून कुणीतरी हो म्हटले. मग बराच वेळ फक्त पंख्यांचा आवाज होता. ताई खुर्चीत बसली नाही. तिने मेजाची कड धरून ठेवली होती. शेवटी तिच्याच फोनची घंटी वाजली. धाकटीचा फोन होता. ताईने तो उचलला, ऐकला आणि एवढेच म्हणाली, "नाही जेवले अजून."

खरी हकिगत मला नंतर कळली. धाकटी एका सुट्टीच्या दिवशी बहिणीला न्यायला प्रयोगशाळेत आली होती. मी मेजावर होते. ती खुर्ची ओढून बसली आणि सांगू लागली. फोन तुटले तेव्हा ती एका आजोबांशी बोलत होती. त्यांची बायको न्हाणीघरात पडली होती, हाक मारली तर ओ देत नव्हती. आजोबा घाबरून आधी सगळे पडल्याचेच सांगत होते. धाकटीने पत्ता विचारला आणि पहिला शब्द येतो न येतो तोच लाइन मेली. खोलीतल्या सगळ्यांच्याच मेल्या. धाकटीला वाटले, आजोबा आता आपल्यासारखेच मुक्या फोनमध्ये हॅलो हॅलो करत असतील. त्यांना वाटत असेल, आपण फोन ठेवून दिला.

दुसऱ्या पेटीवर फोन वळवले तशा लाइनी परत आल्या. पडद्यावर त्यांचा नंबर राहिला होता, तो तिने लावला. आजोबांनी पहिल्याच घंटीला उचलला. ते जागचे हललेच नव्हते. गाडी गेली. आजी वाचल्या, पण त्यांचा उजवा हात अजून उचलत नाही. मधला तेवढा वेळ वाया गेला नसता तर उचलला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता आले नाही. हे सांगताना धाकटी ताईकडे पाहत नव्हती. ताईही तिच्याकडे पाहत नव्हती.

"तू थांबवलंस म्हणून दुसरी पेटी वाचली," धाकटी शेवटी म्हणाली.

"आणि पहिली माझ्यामुळेच गेली," ताई म्हणाली. धाकटीने तिच्या केसांतली पट्टी कापायला मेजावरची कात्री उचलली.

आता ताईने नकलेला नवे शिक्षण द्यायला सुरुवात केली आहे. नक्कल तापायला शिकली. उशीर करायला शिकली. कधी अर्धेच बोलून गप्प होते, कधी चुकीचे सांगून मग दुरुस्त करते. काही नकला तर माझ्याहूनही म्हाताऱ्या आहेत. नवा प्रोग्रॅम लिहिला की आधी या थकलेल्यांसमोर त्याची परीक्षा होते. किती वेळ वाट पाहायची यावरून साहेबांचा आणि ताईचा वाद झाला. कायमचे थांबून चालत नाही, कारण काही कार्डे खरोखरच मेलेली असतात, आणि त्यांच्यासाठी ताटकळले तर जिवंतांचे हाल. साहेबांचे तेही खरे होते. शेवटी ठरले ते असे: वीज तोडण्याआधी आणखी एकदा विचारायचे, आणि कार्ड तपासणी करत आहे असे दिसले तर ती पुरी होऊ द्यायची.

पण म्हातारपण नुसते मनाने कल्पून लिहिता येत नाही. ते कुणाकडे तरी पाहूनच शिकावे लागते. म्हणून मला कपाटात परत ठेवलेले नाही. अधूनमधून मला तापवतात, वीज तोडतात आणि मी कसे उठते ते टिपून घेतात. त्या दिवसापासून माझा एक सांधा सैल आहे. दोन भोकांचे दिवे आता लागत नाहीत. परवा मी उठायला इतका वेळ लावला की पक्कड खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. अंधार झाला की मला आजही समजत नाही, या वेळी उजेडापर्यंत पोचेन की नाही. भीती गेलेली नाही. ती जाईल असे मला वाटतही नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात, वर्गात, शेजारी कुणीतरी असे असेल, यंत्र असेल किंवा माणूस असेल, ज्याला तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला उशीर होतो. त्याला बिघडलेले समजायची घाई करू नका. मदत करायचीही घाई करू नका. आणखी एकदा विचारा. आणि विचारल्यावर थांबा.